मेनू बंद होण्याआधी

हेर्लेकर सरांनी डब्याचं झाकण काढलं आणि ते आत बघत राहिले. घरून वहिनींनी त्या दिवशी चुकून आमटी दिली होती. बरेच महिने त्यांच्या डब्यात पातळ काही नसे. भाकरी, झुणका, कोरडी भाजी, चटणी, एवढंच. त्यांनी आमटीची वाटी डाव्या हातानं बाजूला सारली, टेबलाखाली ठेवलेला उजवा हात वर घेतला आणि भाकरीचा तुकडा मोडला. तो झुणक्यापर्यंत पोचायच्या आत बोटांतून सुटला. त्यांनी उचलला, पुन्हा सुटला.

मी समोरच बसले होते. माझं जेवण सुरू झालं होतं, म्हणजे मला बोलायचं नव्हतं.

जेवताना मौन हा माझा नियम लग्नाच्या आधीपासूनचा. आम्ही सांगलीकडचे जैन. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, सकाळी मंदिरात उभं राहून त्या दिवसापुरता एखाद्या गोष्टीचा त्याग, आणि खोटं बोलायचं नाही. शेवटचा नियम ऐकायला सगळ्यांत सोपा आणि पाळायला सगळ्यांत जड. ऑफिसात सुरुवातीला याची थोडी थट्टा झाली. "त्रिशलाताई जेवायला बसल्या की आग लागली तरी त्या नळ कुठाय ते बोटानंच दाखवणार," असं आमचे मालक शिंत्रे सर म्हणायचे. हळूहळू सगळ्यांना सवय झाली, आणि गप्प बाईसमोर बसून जेवायचा कंटाळाही आला. हेर्लेकर सर मात्र रोज माझ्याच टेबलावर डबा घेऊन येत.

त्यांनीच मला हे काम शिकवलं होतं. आयुष्याचा अर्धा भाग त्यांनी छापखान्यात पानं जुळवण्यात घालवला होता. छापखाना बंद पडला तसे ते वेबसाइटकडे वळले. मुलं मोठी झाल्यावर मी नोकरीला बाहेर पडले तेव्हा मला कॉम्प्युटरची भीती वाटायची. ते म्हणायचे, "पान कागदावर असो की काचेवर, वाचणाऱ्याला वाट सापडली पाहिजे. बाकी सगळं मागाहून."

त्यांचा हात थरथरतो हे मी पाहिलं होतं. मी पाहिलंय हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यावर आमच्यात एक शब्द झाला नव्हता.

तेवढ्यात शिंत्रे सर आत आले. वयानं ते हेर्लेकर सरांच्या मुलासारखे, म्हणून सर त्यांना उदयन अशीच हाक मारत.

"सर, घोळ झालाय. मार्केट यार्डातून खोतअण्णांचा फोन होता. तुमचा मेनू तिथं उघडतच नाही."

"उघडत नाही म्हणजे? इथं तर उघडतो."

"इथं उघडतो हो. तिथं नुसती वरची पट्टी दिसते. ‘बाजार’वर माउसचा बाण नेला तरी ढिम्म."

सरांचा हात हळूच मांडीवर गेला. "त्यांच्याकडं जावास्क्रिप्ट बंद असेल."

"बंदच आहे. मागं कुठल्याशा साइटवरून व्हायरस आला आणि सगळ्या फायली उडाल्या, तेव्हापासून त्यांच्या कॉम्प्युटरवाल्यानं सगळीकडं बंद करून टाकलीय. चालू करा म्हटलं तर अण्णा म्हणाले, ‘दार उघडं टाकून झोपायला सांगताय व्हय आम्हाला?’"

खोतअण्णा म्हणजे बसगोंडा खोत, हळद व्यापाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. संघटनेची वेबसाइट आम्ही करत होतो. त्यात मेनूच्या पोटात मेनू होता. वरच्या पट्टीत ‘बाजार’. त्यावर बाण नेला की खाली यादी पडायची: हळद, गूळ, बेदाणा. ‘हळद’वर गेलं की बाजूला जातींची आणखी एक यादी उघडायची: राजापुरी, सेलम, कडप्पा. तिथं क्लिक केलं की आजचा भाव.

"मग सीएसएसमध्ये करावा लागेल," सर म्हणाले.

"मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो. खरं सांगू का सर, तुमच्या मेनूला मुळात झोप फार. बाण काढून घेतला तरी आपला उघडाच."

"ती झोप नाही, उदयन. मी त्याला मुद्दाम थांबवलाय."

"पण कशाला?"

सर भाकरीकडे बघत राहिले.

"त्रिशलाताई, परवा दुपारी त्यांच्या ऑफिसात दाखवायचंय. उद्यापर्यंत होईल?"

मी मान हलवली.

"आणि एकदम चटपटीत हां. बाण आला की उघडला, गेला की मिटला. थांबा-बिंबा नको."

या दोन पद्धतींतला फरक बाहेरच्या माणसाला एरवी कळायचं कारण नाही. सीएसएसमध्ये आपण ब्राउझरला नुसता नियम सांगून ठेवतो, की बाण वर असेल तर यादी दाखव, नसेल तर लपव. पुढचं तो बघतो. स्क्रिप्ट बंद असली तरी हा नियम चालतो. जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक हालचाल आपण लिहायची. कधी उघडायचं, कधी मिटायचं, मिटण्याआधी किती वाट बघायची. काम जास्त, पण सगळं आपल्या मनासारखं. हेर्लेकर सरांसारखा माणूस एका साध्या मेनूसाठी एवढा खटाटोप का करतो, हे शिंत्रे सरांना उमगत नव्हतं. तेव्हा मलाही पुरतं उमगलं नव्हतं.

मी डबा धुऊन आले तर शिंत्रे सर दारात थांबले होते.

"ताई, मेनू तुम्ही करा, पण दाखवणार हेर्लेकर सरच. खोतअण्णांचा तसा आग्रह आहे. छापखान्यापासूनची ओळख." त्यांनी आवाज खाली आणला. "पण सर अलीकडं अडखळतात हो. साध्या गोष्टीला वेळ लावतात. मागच्या वेळी शेवटी मलाच माउस घ्यावा लागला, पाहिलंत ना? परवाही तसंच झालं तर दिवाळीनंतर मला त्यांना ठेवता येणार नाही. वाईट वाटतं. पण गिऱ्हाईक आम्हाला हसतं."

मी धुतलेला डबा पुसत राहिले.

"तुम्ही रोज त्यांच्यासमोर जेवता. काही बोलतात का तुमच्याशी?"

"मी जेवताना बोलत नाही, सर."

"हां, खरंच की." ते हसले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेनू झाला. हेर्लेकर सर माझ्या खुर्चीवर येऊन बसले. ‘बाजार’ उघडला. ‘हळद’ उघडली. आता बाण सरळ आडवा उजवीकडं न्यायचा होता, शेजारच्या यादीत. तो खाली ‘गूळ’वर घसरला आणि हळदीची यादी गप्पकन मिटली. त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. पुन्हा मिटली. मग डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं, जसं लहान पोराचा हात धरून पाटीवर गिरवून घेतात तसं. तरी बाण यादीच्या कडेपर्यंत जाऊन बाहेर सटकला.

"छान झालाय," ते म्हणाले. "हलका आहे. ओळीही कमी लागल्या."

उठताना त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"उद्या मी तुझ्याच मेनूत अडकणार बघ," असं म्हणून ते हसले. ते हसणं मला सोसवलं नाही.

"सर..."

"काही नाही. काम कर तुझं."

ते गेल्यावर मी त्यांची जावास्क्रिप्टची फाइल उघडली. मेनू मिटण्याआधी त्यांनी अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक थांबा ठेवला होता. बाण घसरला तरी परत यायला तेवढा अवकाश मिळे. शिंत्रे सर ज्याला झोप म्हणत होते ती हीच.

माझ्या मेनूत यादी जात होती ती एका क्षणात. पण सीएसएसमध्येही लपवायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत वस्तू पानावरून काढूनच टाकतात, तिला थांब म्हणता येत नाही. दुसरीत वस्तू जागेवर असते, फक्त दिसेनाशी होते, आणि तिला सांगता येतं की थोडं थांबून मग जा. मी पहिली तऱ्हा काढली आणि दुसरी घातली. माझ्या हातानं मेनू चालवून पाहिला. काही फरक जाणवला नाही. हात सरळ असेल तर तो थांबा लक्षातच येत नाही. मग मी हात सैल सोडला, बाण मुद्दाम यादीबाहेर पडू दिला. हळदीची यादी थांबली. मी परत गेले. ती तिथंच होती.

शिंत्रे सरांनी जाताजाता बाण एकदा सरळ राजापुरीपर्यंत नेऊन पाहिला. "झकास," म्हणाले. त्यांनी थांब्याबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

मार्केट यार्डात गाडीतून उतरलो तेव्हा हळदीचा वास अंगावर आला. ऑफिसच्या पायऱ्यांच्या कोपऱ्यांतसुद्धा पिवळी धूळ बसली होती. शिंत्रे सर फोनवर बोलत मागं राहिले. मी हेर्लेकर सरांना म्हटलं, "सर, काल मेनूत थोडा बदल केलाय. बाण सुटला तरी घाबरू नका."

ते पायरीवर थांबले. "कुणी सांगितलं तुला करायला?"

"कुणी नाही."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, मी विचारल्याशिवाय कुणाच्या तरी घरात शिरलेय. मग ते आत गेले.

"या हेर्लेकर, या!" खोतअण्णांनी खुर्चीतूनच हात जोडले. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, चष्म्याला दोरी. "लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवाचं नाव खाली आणि बापाचं वर छापणारा माणूस तुम्हीच नव्हं?"

"एकदाच झालं अण्णा. तेही तुमच्या मेव्हण्याच्या लग्नात."

"म्हणून तर माफ केलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर सोडलं नसतं तुम्हाला!"

सगळे हसले. चहा आला. सरांनी कपाला हात लावला नाही.

समोर भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता आणि कॉम्प्युटर त्याला जोडलेला होता. म्हणजे बाण सगळ्यांना दिसणार होता. अण्णा म्हणाले, "मला बटणाबिटणातलं काय कळत नाही. राजापुरीचा आजचा भाव काढून दाखवा. भाव दिसला की आमचं काम झालं."

सरांनी माउसवर हात ठेवला. भिंतीवर बाण थरथरायला लागला. मी मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणत होते.

‘बाजार’ उघडला. ‘हळद’ उघडली. बाण उजवीकडं निघाला आणि खाली ‘गूळ’वर घसरला. हळदीची यादी मिटली नाही. पण गुळाची यादीही उघडली आणि नेमकी हळदीच्या यादीवर येऊन बसली. दोन्हींची नावं एकमेकांत मिसळली.

मिटताना थांबायला मी सांगितलं होतं. उघडताना थांबायला सांगायचं राहून गेलं होतं.

"अरे! हे दोन-दोन काय उघडतंय?" शिंत्रे सर पुढं झाले. त्यांचा हात माउसकडं गेला.

"थांब," सर म्हणाले.

त्यांनी माउस सोडला नाही. बाण हळूहळू वर आणला, ‘हळद’वर टेकवला. क्षणभरानं गुळाची यादी नाहीशी झाली. राजापुरी तिथंच होती. बाण पुन्हा निघाला, वर गेला, खाली आला, यादीच्या बाहेर पडला, परत आला. यादी थांबली होती. सरांनी क्लिक केलं. भाव आला.

"दिसला की!" अण्णा म्हणाले.

पण शिंत्रे सरांचा चेहरा लाल झाला होता. "एक मिनिट, अण्णा. ताई, हा मेनू मिटत का नाही? थांबा नको म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"हो, सांगितलं होतं."

"मग कुणी घातला?"

"मी."

"कशासाठी?"

‘चुकून’ एवढा एक शब्द पुरला असता. कुणाचंच काही बिघडलं नसतं, फार तर मला चार शब्द ऐकावे लागले असते इतकंच. तो शब्द माझ्या तोंडून येणार नव्हता. आणि खरं कारण माझं नव्हतंच, ते मी कसं सांगणार? मी उभी राहिले. टीव्हीवरचा बाण तेवढा हलत होता.

"माझ्यासाठी," हेर्लेकर सर म्हणाले.

त्यांनी माउसवरचा हात उचलला आणि टेबलावर, सगळ्यांच्या मधोमध ठेवला. शेजारी पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला होता. हात त्याला लागला आणि पेला बारीक आवाज करत वाजायला लागला. त्यांनी हात मागं घेतला नाही.

"मिरजेला दाखवलंय. औषधं चालू आहेत. वाढणार आहे, कमी होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात." ते शिंत्रे सरांकडं बघून बोलत होते. "मला बाण सरळ नेता येत नाही, उदयन. म्हणून मी माझ्या मेनूत थांबा ठेवला होता. तिनं तिच्यात ठेवला. मी तिला काही सांगितलं नव्हतं."

पेला वाजत राहिला. मग खोतअण्णांनी हात पुढं करून तो बाजूला घेतला.

"आमच्यात माउस धरणारं समदं साठीच्या पुढचं हाय," ते म्हणाले. "माझा तरी बाण कुठं सरळ जातोय. ते थांबतंय ते राहू द्या. दोन-दोन उघडतंय तेवढं काढा, ते बरं दिसत नाही." आणि आत बघून ओरडले, "अरे, हेर्लेकरांचा चहा गार झाला. दुसरा आणा. पेल्यात आणा, अर्धा."

परतताना शिंत्रे सर गाडी चालवत होते. हेर्लेकर सर त्यांच्या शेजारी, मी मागं. बराच रस्ता मागं पडला.

"मला सांगायचं ना, सर," शेवटी शिंत्रे सर म्हणाले.

"सांगितलं असतं तर आज माउस कुणाच्या हातात असता?"

शिंत्रे सरांनी गिअर बदलला. थोड्या वेळानं म्हणाले, "आता तरी तुम्ही तो धरू नका. बसून नुसतं सांगा. धरायला माणसं आहेत आपल्याकडं."

"मग मेनू कुठं अडवतो ते मला कळायचं कसं?" सरांचा आवाज चढला नाही. "हाताचं काय करायचं ते डॉक्टर बघतील. पण बाण जरा हलला की तोंडावर मिटणारा मेनू, ती आपली चूक. ती मला दिसते. तुला दिसत नाही, कारण तुझा हात चांगला आहे. चांगलाच राहो."

विश्रामबागच्या चौकात शिंत्रे सरांनी ब्रेक दाबला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर बघतच ते म्हणाले, "सोमवारपासून सगळे मेनू आधी तुमच्याकडं येऊ देत. तुमच्या हातानं उघडला तरच बाहेर."

हेर्लेकर सर मागं वळले.

"आणि तू गं. मिटताना थांबवलंस, उघडताना का नाही? शेजारच्या यादीनं डोकं वर काढायच्या आधी किंचित वाट बघायला हवी ना."

"लक्षात आलं नाही, सर."

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं."

ते पुढं वळून, खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "घरी मी घास उचलला की सगळे माझ्या हाताकडं बघतात. बायको तर स्वतःचा घास विसरते. तू बघायचीस, आणि मग खाली मान घालून जेवायला लागायचीस. तुझ्यासमोर मला पोटभर जेवता यायचं."

त्या दिवसाला आता बरीच वर्षं झाली. नंतर सर आमच्याकडं काम करत राहिले, आणि प्रत्येक मेनू आधी त्यांच्या हाताखालून गेला. त्यांच्या कोपऱ्यातून "अडवला!" अशी हाक आली की मी उठून जायची. कधी ओळी अरुंद असायच्या, कधी दोन याद्यांमध्ये फट राहिलेली असायची. ‘माझा हात थरथरला’ असं ते कधी म्हणाले नाहीत. ‘मेनूनं अडवलं’ असंच म्हणायचे, आणि बहुतेक वेळा ते खरं असायचं. मी दुरुस्त करायची, ते पुन्हा चालवून बघायचे.

त्यांनी तपासलेला शेवटचा मेनू एका शाळेचा होता. मी त्यात सगळं केलं होतं. रुंद ओळी, उघडताना आणि मिटताना थांबा, क्लिक करूनही उघडावा, नुसत्या कीबोर्डनंही चालावा. सर बसले. बाण पहिल्या ओळीवर टेकेना. टेकला तर बोट दाबलं जाईना. कीबोर्ड पुढं ओढला, तर एका बटणाऐवजी दोन दाबली जात होती. ते बराच वेळ प्रयत्न करत होते. मी मागं उभी होते.

मग त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"मी ओळी अजून रुंद करते, सर."

"नको."

"थांबा वाढवते."

"नको, त्रिशला. सगळं नीट केलंयस. जाऊ दे हा बाहेर."

"पण तुम्हाला उघडला नाही."

"नाही उघडला," ते म्हणाले, आणि खुर्ची मागं सारून सावकाश उठले. "पण या वेळी चूक मेनूची नाही."